दिवाळी पहाट यूट्यूबवर थेट दाखवायची आहे. आधीपासून लोकांपर्यंत कशी पोहोचवावी?

आकाशकंदील

सांगलीतल्या मंडळाची दिवाळी पहाट रविवारी ८ नोव्हेंबर २०२६ ला, नरकचतुर्दशीला, पहाटे साडेपाचला आहे. नाट्यगीतं, अभंग, भावगीतं. दोन गायक, पाच वादक, अडीच तास. नाट्यगृह ६०० आसनांचं. यंदा पहिल्यांदाच यूट्यूबवर थेट दाखवायचं ठरलंय. चित्रीकरणाचं नक्की झालंय (तीन कॅमेरे, थेट प्रक्षेपणाचं सॉफ्टवेअर 'ओबीएस' चालवणारा माणूस, दोन वेगळी इंटरनेट कनेक्शन), त्यामुळे प्रश्न फक्त आधीच्या प्रसिद्धीचा.

हाताशी काय आहे: नवं चॅनल (८० सबस्क्रायबर), फेसबुक पान (१,९०० फॉलोअर), व्हॉट्सअ‍ॅपचे आठ-दहा ग्रुप, दोन फ्लेक्स, १,५०० हँडबिलं आणि जाहिरातीला ५,००० रुपये. बघणाऱ्यांत परदेशातली मुलं-नातवंडं बरीच असतील.

लिंक किती दिवस आधी द्यावी? पोस्टरवर क्यूआर कोड असावा का? वेळ कशी छापावी? आणि कमिटीतल्या ज्येष्ठांची शंका अशी, की लाइव्हचा गाजावाजा आधी केला तर नाट्यगृह ओस पडेल. यात तथ्य आहे का?

तिसरी_घंटा

सगळी जाहिरात एका लिंकवर उभी असते. ती लिंक लवकर तयार करायची आणि कार्यक्रम संपेपर्यंत बदलू द्यायची नाही. बाकी सगळं त्यानंतर.

आजच चॅनलचा फोन नंबर पडताळून लाइव्हची सोय चालू करून टाका. पहिल्यांदा ती उघडायला २४ तासांपर्यंत लागू शकतात आणि हे आदल्या रात्री लक्षात आलं तर कुणी काही करू शकत नाही. स्वतःचं थंबनेल (व्हिडिओच्या दर्शनी दिसणारं छोटं चित्र) लावायलाही हीच पडताळणी लागते. एका नंबरावर वर्षाला दोनच चॅनल पडताळता येतात, म्हणून ज्या कार्यकर्त्याने आधीच घरच्यांची दोन चॅनल काढलीत त्याचा नंबर देऊ नका. पासवर्डही वाटत फिरू नका. यूट्यूब स्टुडिओच्या सेटिंगमधल्या परमिशनमधून दोघा-तिघांना मॅनेजर किंवा एडिटर करा.

मग २० ऑक्टोबरच्या आसपास यूट्यूब स्टुडिओत 'क्रिएट', 'गो लाइव्ह', डावीकडे 'मॅनेज' आणि तिथे 'शेड्यूल स्ट्रीम'. तारीख-वेळ भरली की वेटिंग पेज तयार होतं. त्या पानाची जी लिंक, तीच कार्यक्रम चालू असताना आणि तीच नंतर रेकॉर्डिंगची. सुरुवातीला दृश्यता 'अनलिस्टेड' ठेवा. लिंक छपाईला मिळते, पण चॅनलवर पान दिसत नाही. जाहीर करायच्या दिवशी 'पब्लिक' करा. लिंक तीच राहते.

ज्येष्ठांच्या शंकेवर हाच उपाय. आधी पासांची जाहिरात, लाइव्हचा उल्लेखही नको. पास बहुतेक संपले की शुक्रवारी ३० ऑक्टोबरला पान पब्लिक करून 'ज्यांना येणं शक्य नाही त्यांच्यासाठी' असं जाहीर करा. खरं सांगायचं तर नव्या कपड्यांत, अत्तर लावून, ओळखीपाळखीच्या माणसांत बसून पहाट ऐकायची ज्याला हौस आहे तो फोनवर समाधान मानत नाही. पण कमिटीला हा क्रम पटतो आणि वादही होत नाही.

शीर्षकाला १०० अक्षरांची मुभा आहे, पण फोनवर सुरुवातीचंच दिसतं. म्हणून 'सहर्ष सादर करीत आहोत' किंवा मंडळाचं लांबलचक नाव पुढे नको. 'दिवाळी पहाट सांगली २०२६ | नाट्यगीतं, अभंग, भावगीतं | थेट' एवढं पुरे. शोधताना बरेच लोक रोमन लिपीत टाइप करतात, त्यामुळे डिस्क्रिप्शनमध्ये एक ओळ रोमनमध्येही असू द्या. डिस्क्रिप्शनच्या पहिल्या दोन ओळींत दिवस, वेळ, कलाकार. बाकीचं 'आणखी' दाबल्याशिवाय कुणी वाचत नाही.

एक खाच. पान तयार करताना 'मुलांसाठी बनवलेलं आहे का' असा प्रश्न येतो. बालकलाकार आहे म्हणून कुणीतरी 'हो' दाबतं, आणि लाइव्ह चॅट व घंटीची सूचना दोन्ही बंद होतात. हा कार्यक्रम मोठ्यांसाठीचा आहे, तेव्हा उत्तर 'नाही'.

मिक्सर_मागचा

वरच्याला अनुमोदन. पण लिंक बदलू द्यायची नाही म्हटलं तरी ती नेमकी कशी बदलते ते सांगतो, कारण प्रसिद्धीवाले आणि ओबीएसवाला एकमेकांशी बोलत नाहीत तिथेच हे घडतं.

ओबीएस यूट्यूब खात्याला जोडलेलं असेल तर स्ट्रीम सुरू करताना एक खिडकी उघडते: नवं ब्रॉडकास्ट तयार करा, की आधीचं निवडा. घाईत पहिलंच दाबलं जातं. कार्यक्रम सुरू होतो, पण भलत्याच नव्या लिंकवर. इकडे वेटिंग पेजवर दोनशे माणसं 'वाट पाहत आहे' बघत बसतात आणि ग्रुपवर 'सुरू झालं का हो?' चा पाऊस पडतो. स्टुडिओत 'मॅनेज' सोडून 'स्ट्रीम' टॅबवर जाऊन तिथली 'स्ट्रीम की' (ओबीएसला चॅनलशी जोडणारा सांकेतिक कोड) वापरली तरी तेच. ओबीएसवाल्याला लेखी सांगा: शेड्यूल केलेलं पान उघडायचं, त्यातलीच स्ट्रीम की घ्यायची.

दुसरं, 'ऑटो-स्टार्ट' आणि 'ऑटो-स्टॉप' ही दोन बटणं. ऑटो-स्टार्ट चालू असेल तर पहाटे चारला आवाज तपासायला म्हणून स्ट्रीम सोडली की तेच जाहीर प्रक्षेपण होतं. ज्यांनी आठवण लावलीय त्यांच्या फोनवर सूचना जाते, ते डोळे चोळत उघडतात तर समोर तबला लावणं चाललेलं आणि कुणीतरी चहा मागतोय. ऑटो-स्टॉप चालू असेल तर नेट थोडा वेळ तुटल्यावर प्रक्षेपणच 'संपलं' म्हणून बंद होऊ शकतं. मग तीच लिंक परत जिवंत करता येत नाही. दोन्ही बंद ठेवा. 'गो लाइव्ह' माणसाने हाताने दाबायचं. तपासणीसाठी वेगळी 'प्रायव्हेट' स्ट्रीम काढा आणि तिची की वेगळी ठेवा.

पोस्टरवर ५:३० असेल तर वेटिंग पेजवरही ५:३०च टाका, पण प्रत्यक्ष लाइव्ह ५:१५ ला करा. ती पंधरा मिनिटं 'थोड्याच वेळात' ची पाटी, रंगमंचाचं रिकामं दृश्य आणि तुमच्याच वादकांनी लावलेला तानपुरा. बाजारातली सनईची रेकॉर्ड वाजवू नका. यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा लाइव्हही तपासते, आणि नोंदलेली रेकॉर्ड सापडली तर प्रक्षेपण मध्येच थांबू शकतं.

जाहिरातीच्या क्लिपलाही हेच लागू. 'अमुक गीत ऐकायला या' म्हणून मूळ ध्वनिमुद्रिकेचा तुकडा लावलेली क्लिप अडकते. तालमीत दोन्ही गायकांचे ४०-४५ सेकंदांचे मुखडे फोनवर नीट आवाजात घ्या; तेच जास्त चालतं. आणि हे सगळं करण्याआधी गायक-वादकांकडून थेट प्रक्षेपण व रेकॉर्डिंग ठेवण्याची लेखी संमती. नाट्यगृहात गाण्याचा परवाना आणि इंटरनेटवर दाखवण्याचे हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कार्यक्रमात अजून कॉपीराइटमध्ये असलेली भावगीतं असतील तर गाण्यांची यादी करून आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या हक्कसंस्थेकडे आत्ताच विचारणा करा. जाहिरात झाल्यावर 'माझं रेकॉर्डिंग ठेवू नका' असं एखाद्या कलाकाराने म्हटलं तर पंचाईत.

जुळारी

फ्लेक्स आणि हँडबिलांबद्दल.

क्यूआर कोड छापील वस्तूवर जरूर घाला. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या पोस्टरात मात्र कशाला? ज्या फोनवर पोस्टर आलं तोच फोन त्यातला कोड कसा स्कॅन करणार? गूगल लेन्स वापरून जमतं, पण सत्तरीच्या काकूंना ते सांगत बसणार का? तिथे अक्षरांत लिंकच हवी.

मापाचा ढोबळ हिशेब: जितक्या अंतरावरून स्कॅन व्हायचा त्याच्या एक दशांश कोडाची बाजू. हातातल्या हँडबिलावर ३ सेंमी, दोन मीटरवरून बघायच्या फ्लेक्सवर निदान २० सेंमी. चौकात दहा फूट उंच टांगलेल्या फ्लेक्सवर कोड घालून काही होत नाही. तो नाट्यगृहाच्या दारापाशी, मिठाईच्या दुकानाच्या काउंटरवर, सोसायटीच्या लिफ्टमध्ये चालतो. कोड गडद, पार्श्वभूमी पांढरी आणि चारही बाजूंनी कोडाच्या चार बारीक चौकटींएवढा पांढरा पट्टा मोकळा. मरून रंगावर सोनेरी कोड शोभतो छान, स्कॅन मात्र होत नाही. फ्लेक्सवाल्याला फाइल पाठवून झाली की छपाईआधी प्रूफ काढून तीन वेगवेगळ्या फोनांवर तपासा, त्यातला एक जुना असू द्या.

कोड 'स्टॅटिक' काढा, म्हणजे लिंक थेट त्यात कोरलेली. फुकट 'डायनॅमिक' कोड देणाऱ्या काही सेवांची मुदत संपते आणि छापलेल्या दीड हजार हँडबिलांवरचा कोड दुसऱ्याच कुणाच्या जाहिरातीवर जातो.

कोडात कुठली लिंक घालायची? माझं मत वरच्या दोघांपेक्षा थोडं वेगळं आहे. व्हिडिओची लिंक न घालता चॅनलच्या हँडलची (@ ने सुरू होणाऱ्या नावाची) घाला. काही गडबड होऊन लिंक बदललीच तर छापलेला कागद वाया जात नाही, आणि लोक चॅनलवर आले की सबस्क्राइब करतात. हँडल लहान, उच्चारता येईल असं आणि आकडे नसलेलं घ्या. निवेदकाला ते मंचावरून सांगता आलं पाहिजे.

आता अक्षरांचं दुखणं. फ्लेक्सवाले अजूनही श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये मजकूर जुळवतात. तो मजकूर तिथून उचलून यूट्यूबच्या डिस्क्रिप्शनमध्ये चिकटवला की रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. म्हणून मूळ मजकूर आधी युनिकोडमध्ये, तोही एकाच फाइलमध्ये, शुद्धलेखन तपासून तयार करा आणि सगळ्यांना त्यातूनच घ्यायला लावा. मुक्ता आणि बलू हे फाँट मुक्त परवान्याचे आहेत, ठसठशीत दिसतात. फोटोशॉपमध्ये ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षरावर बसत असेल किंवा जोडाक्षरं तुटत असतील तर परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर निवडा. कलाकाराचं नाव चुकीचं छापलं गेलं तर वर्षभर ऐकावं लागतं.

थंबनेल १२८० × ७२०, फाइल शक्यतो २ एमबीच्या आत. उजवा खालचा कोपरा रिकामा सोडा, तिथे यूट्यूबची पट्टी येते. पोस्टरच लहान करून थंबनेल म्हणून लावू नका. अध्यक्ष, कार्याध्यक्ष, प्रायोजक आणि अकरा फोटो पोस्टरात मावतात, अंगठ्याएवढ्या चित्रात नाही. गायकांचे दोन चेहरे, 'दिवाळी पहाट' आणि वेळ, बस. प्रायोजकांची समजूत घालायला डिस्क्रिप्शन आहे, ५:१५ ची पाटी आहे.

जर्सीची_रात्रपाळी

परदेशातल्या वेळांबद्दल, कारण इथे हमखास घोळ होतो.

भारतातले साडेपाच म्हणजे जागतिक प्रमाणवेळेचे बरोब्बर ००:००. त्यामुळे अमेरिकेत तारीखच आदल्या दिवशीची असते. न्यू जर्सी, न्यूयॉर्क: शनिवार ७ नोव्हेंबर, संध्याकाळी ७. शिकागो, डॅलस: शनिवारी ६. कॅलिफोर्निया: शनिवारी दुपारी ४. दुबई: रविवारी पहाटे ४. सिंगापूर: रविवारी सकाळी ८. सिडनी, मेलबर्न: रविवारी सकाळी ११.

सापळा असा, की अमेरिकेतली घड्याळं १ नोव्हेंबरला एक तास मागे जातात. ऑक्टोबरात कुणी आजचा फरक धरून हिशेब केला तर न्यू जर्सीला ८ येतील, तेच पोस्टरवर छापलं जाईल आणि माणसं तासभर उशिरा येतील. ब्रिटनमध्ये हा बदल २५ ऑक्टोबरला, त्यामुळे लंडनला त्या दिवशी बरोबर मध्यरात्र. 'रविवारी रात्री १२' असं मुळीच लिहू नका, निम्मे लोक एक दिवस उशिरा येतील. 'शनिवारची रात्र संपताना १२ वाजता' असं लिहा. लंडनकरांपैकी थोडेच जागतील. त्यांना 'रेकॉर्डिंग याच लिंकवर सकाळी बघा' हे आधीच सांगून टाका.

अमेरिकेसाठी मात्र वेळ सोन्यासारखी आहे. शनिवारची संध्याकाळ, सगळे घरी, फराळाचं ताट समोर. तिकडच्या महाराष्ट्र मंडळांच्या ग्रुपसाठी वेगळं पोस्टर करा, त्यावर फक्त तिथली वेळ मोठ्या अक्षरांत. दहा शहरांचा तक्ता लावला की कुणालाच आपली ओळ सापडत नाही. वेटिंग पेज ज्याच्या-त्याच्या वेळेप्रमाणे वेळ दाखवतं आणि गूगल कॅलेंडरच्या निमंत्रणातही ती आपोआप बदलते, म्हणून पोस्टरपेक्षा या दोन गोष्टी जास्त भरवशाच्या.

आणखी एक: घरातले वडीलधारे टीव्हीवर बघणार, आणि टीव्हीवर लिंक उघडायची कशी? नवं चॅनल तिथे शोधून लवकर सापडतही नाही. म्हणून मुलांना सांगा, आई-बाबांच्या टीव्हीवर जे खातं आहे त्याच खात्यातून आठवडाभर आधी सबस्क्राइब करून ठेवा. मग रिमोटने 'सबस्क्रिप्शन' उघडलं की झालं. ही सूचना तीन ओळींत लिहून वेगळा मेसेज म्हणून पाठवण्यासारखी आहे.

आकाशकंदील

सगळ्यांचे आभार. चॅनलची पडताळणी आज केली. अजून तीन गोष्टी विचारतो. व्हॉट्सअ‍ॅपवर किती वेळा पाठवावं म्हणजे लोक वैतागणार नाहीत? ५,००० रुपये कुठे घालावे? आणि पाऊस किंवा वीज यामुळे वेळ बदलली तर?

तिसरी_घंटा

वेळ बदलली तर पान डिलीट करू नका. त्याच पानावर 'एडिट' करून नवी वेळ टाका. लिंक आणि लोकांनी लावलेली आठवण दोन्ही टिकतात. घाबरून नवं पान काढलं की जुन्या लिंकवाले सगळे हातचे गेले.

व्हॉट्सअ‍ॅपवर चारदा पुरे. ३० ऑक्टोबरला पहिली घोषणा. २-३ नोव्हेंबरला गायकाची क्लिप, सोबत लिंक. त्यानंतर धनत्रयोदशीपासून फोन शुभेच्छांच्या चित्रांनी इतके भरतात की तुमचं पोस्टर त्यातच विरघळतं, म्हणून जे महत्त्वाचं आहे ते त्याआधी गेलेलं बरं. मग ७ तारखेला संध्याकाळी आठ वाजता फक्त दोन ओळी आणि लिंक, चित्र नको. (अमेरिकेच्या ग्रुपांना त्यांच्या शनिवारच्या दुपारी, तुमच्या आठ वाजता तिथे सकाळ असते.) शेवटचा मेसेज पहाटे ५:१५ ला, लाइव्ह झाल्याची खात्री करून: 'सुरू झालं, इथे दाबा.' सर्वांत जास्त माणसं या शेवटच्या मेसेजवरूनच येतात, आणि नेमका तोच पाठवायला कुणी नेमलेलं नसतं. जो मंचावर धावपळ करणार नाही असा एक माणूस घरी बसवा.

पाठवायची पद्धत: लिंक टाकल्यावर खाली चित्रासह चौकट यायला दोन-तीन सेकंद लागतात, ती आल्यावरच पाठवा. थंबनेल त्याआधी अंतिम झालेलं हवं, कारण नंतर बदललं तरी गेलेल्या मेसेजमधली चौकट जुनीच राहते. फॉरवर्ड करत बसू नका. फॉरवर्डला पाच चॅटची मर्यादा आहे, आणि 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' असा शिक्का बसला की एकावेळी एकच. कार्यकर्त्यांना मजकूर द्या, त्यांनी तो कॉपी करून स्वतःच्या ग्रुपवर नव्याने टाकायचा, वर एक ओळ स्वतःची. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर साठवलाय त्यांनाच तो मेसेज पोहोचतो. यादी मोठी दिसते आणि निम्म्यांना काही मिळालेलंच नसतं.

मिक्सर_मागचा

३० ऑक्टोबर मला लवकर वाटतो. नऊ दिवस आधी दाबलेली आठवण पहाटे साडेपाचला झोपलेल्या फोनवर वाजून काय उपयोग? व्हॉट्सअ‍ॅपसाठी ३ नोव्हेंबरपासून सुरुवात केली तरी चालेल. परदेशातल्या मंडळांना मात्र लवकर द्या, त्यांना आपल्या सभासदांना कळवायला आठवडा लागतो.

७ आणि ८ तारखेला चॅनलवर दुसरं काही चढवू नका. एका चॅनलकडून सबस्क्रायबरांना २४ तासांत व्हिडिओ-लाइव्ह मिळून जास्तीत जास्त तीनच सूचना जातात. आदल्या दिवशी उत्साहाने चार 'झलक' टाकल्या तर खऱ्या कार्यक्रमाची सूचनाच गळायची.

फेसबुकवरही एकाच वेळी लाइव्ह करावं असं कुणी सुचवेल. पहिल्या वर्षी नको. प्रेक्षक दोन ठिकाणी वाटले जातात, शिवाय फेसबुकवरचं लाइव्ह रेकॉर्डिंग ३० दिवसांनी काढून टाकलं जातं. तिथे क्लिप टाका आणि लिंक द्या.

जर्सीची_रात्रपाळी

पैशांचं: ५,००० मध्ये वेटिंग पेजची जाहिरात करू नका. जिथे अजून काही सुरूच नाही अशा पानावर अनोळखी माणूस थांबत नाही. गायकाच्या ४५ सेकंदांच्या क्लिपवर फेसबुक-इन्स्टाग्रामला ३,०००, तेही ४ ते ७ नोव्हेंबर एवढ्याच दिवसांत. ठिकाण पुणे, मुंबई, ठाणे. सांगली-मिरजेवर खर्च नको, तिथे तुमचे फ्लेक्स आहेत. जाहिरात खातं नवं असेल तर मंजुरीला वेळ लागतो, म्हणून खातं आणि पैसे भरायची सोय ऑक्टोबरातच लावून ठेवा. परदेशावर पैसे खर्चू नका. तिथे महागही पडतं आणि मंडळांचे ग्रुप फुकट पोहोचवतात. उरलेले २,००० हँडबिलं वर्तमानपत्रात घालून वाटायला वापरा.

फेसबुक पोस्टवर लक्ष ठेवायला एक जण हवाच. 'लाइव्ह येथे पाहा' अशा खोट्या लिंक कमेंटमध्ये टाकणाऱ्या टोळ्या असतात. ती लिंक कार्डाचा नंबर मागते. खरी लिंक स्वतः पहिल्या कमेंटमध्ये टाकून पिन करा, 'कार्यक्रम विनामूल्य आहे, कुठेही कार्ड किंवा ओटीपी मागितला जाणार नाही' हे पोस्टमध्येच लिहा, आणि तशा कमेंट दिसताक्षणी उडवा.

जुळारी

हँडबिल वर्तमानपत्रात घालणार असाल तर आदल्या संध्याकाळपर्यंत गठ्ठे एजंटकडे पोहोचवा, आणि दिवाळीच्या आधीचा रविवार, १ नोव्हेंबर, टाळा. त्या दिवशी पेपरात इतके कागद असतात की सगळे एकत्रच रद्दीत जातात. मंगळवार-बुधवार बघा.

आकाशकंदील

मग हँडबिलं बुधवारी ४ तारखेला. क्यूआरमध्ये हँडल, व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओची लिंक असं ठरवलंय. ऑटो-स्टार्टचं ओबीएसवाल्याला विचारलं, त्याने चालूच ठेवलं होतं.